स्वेटरच्या हंगामात कोडिंगचा वर्ग कसा टिकेल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी खानापुरात कॉम्प्युटर क्लास चालवतो. टायपिंग, टॅली, ऑफिस एवढंच. आठ जुने डेस्कटॉप आहेत. दर थंडीत बेळगावात स्वेटर विकायला मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून कुटुंबं येतात, त्यांच्याशी चांगली ओळख झाली आहे. त्यांची बारावी-पदवी झालेली सहा-सात मुलं कोडिंग शिकवा म्हणून मागे लागली आहेत. तीन महिन्यांचा मोफत कोर्स घ्यावा असं मनात आहे. वसाहतीत एक हॉल मिळू शकतो. माझे प्रश्न: कोणती लँग्वेज शिकवू? निर्वासितांना आयटीत नोकरी कायद्याने करता येते का? खर्च किती येईल? आणि गावातले लोक म्हणतात, आपली पोरं रिकामी फिरतात आणि तुम्ही यांना कशाला शिकवता? त्यांना काय सांगू?"

सप्रेम नमस्कार.

लँग्वेजचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण त्याचं उत्तर सर्वांत सोपं आहे. पायथनने सुरुवात करा. अडचण दुसरीकडे आहे. असे वर्ग बंद पडतात ते लँग्वेज चुकली म्हणून नाही. मुलांची कागदपत्रं नोकरीच्या वेळी अडतात आणि वर्गाचं वेळापत्रक घरच्या धंद्याशी भांडतं. या दोन गोष्टी आधी लावून घ्या.

कागदांपासून सुरुवात करू. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत तिबेटी माणूस नोंदणीकृत परदेशी नागरिक असतो. त्याच्याकडे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि ते ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. पण केंद्र सरकारच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांना सांगितलेलं आहे की, ज्या क्षेत्राची पात्रता आहे त्या क्षेत्रात या लोकांना नोकरी करू द्यावी. त्यात अभियांत्रिकीचा उल्लेख आहे. म्हणजे खासगी आयटी कंपनीत नोकरीला आडकाठी नाही. हे धोरण छापून एक प्रत प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये ठेवा. बेंगळुरूच्या एचआरमधल्या माणसाने आरसी कधी पाहिलेली नसते, आणि न पाहिलेल्या कागदावर तो आधी नकारच देतो.

सरकारी नोकरीचं विचारलंत तर वाट अरुंद आहे. 1 जानेवारी 1962 पूर्वी कायम राहण्याच्या उद्देशाने भारतात आलेले तिबेटी निर्वासित केंद्राच्या काही परीक्षांना पात्र धरले जातात, पण त्यासाठी वेगळं पात्रता प्रमाणपत्र लागतं. आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा त्या आशेवर कुणाला ठेवू नका. हे सगळं तिबेटींपुरतं आहे, हेही ध्यानात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असलेली इतर देशांची माणसं तुमच्याकडे आली, तर त्यांना शिकवायला हरकत नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र त्यांची परिस्थिती बरीच अवघड आहे. तिबेटींचं उत्तर त्यांना देऊ नका.

आता कागद तपासण्याचं काम. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे आरसी, आधार, बँक पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिबेटी लोकांत आडनाव बहुधा नसतं. दोन नावं असतात, आणि पहिलं 'तेन्झिन' असलेली मुलं एका वर्गात चार निघतील. एका कागदावर दुसरं नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं, दुसऱ्यावर दोन्ही नावं मिळून एकच झालेली असतात, तिसऱ्यावर आडनावाच्या जागी नुसती टिंबं. कंपनीची पार्श्वभूमी तपासणी, पीएफ, पगाराचं खातं, फ्रीलान्सिंगच्या साइटवरची ओळखपडताळणी हे सगळं इथे अडकतं. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून ती नोकरीच्या वेळी नव्हे, वर्गाच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायची. आरसीवर जे आहे ते प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. हिरवं पुस्तक नावाची एक वस्तू मुलं अभिमानाने दाखवतील. ते धर्मशाळेतल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाचं असतं. भारत सरकारचं ओळखपत्र म्हणून ते चालत नाही.

नोकरीसाठी बेंगळुरू-पुण्याला राहायला गेलं की बदललेला पत्ता नोंदणी कार्यालयात कळवावा लागतो. मुलं हे विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी अडकतात. मुलांना खानापुरात निवासी ठेवायचा विचार असेल, तर आधी एसपी ऑफिसच्या परदेशी नोंदणी विभागात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तुम्ही किंवा तुमच्या गावचा कुणी मुंडगोडला शिकवायला जायचा असेल, तर परवानगीचा प्रश्न नाही. परदेशी पासपोर्टवाल्या स्वयंसेवकाला मात्र वसाहतीत राहायला गृहमंत्रालयाची संरक्षित क्षेत्राची परवानगी लागते. इंग्रजी शिकवायला कुणी परदेशी पाहुणा उत्साहाने येतो म्हणाला, तर हे आधी सांगा.

नागरिकत्वाचा विषय वर्गात निघणारच. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते, आणि हे तिबेटींनाही लागू आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर, पण 3 डिसेंबर 2004 च्या आधी इथे जन्मलेल्या मुलाचा आई किंवा बाप यांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल, तर तोही नागरिक ठरतो. म्हणजे तुमच्या वर्गातल्या काही मुलांना पासपोर्ट मिळू शकेल. पण त्यासाठी आरसीवर आणि वसाहतीतल्या घर-जमिनीवर पाणी सोडावं लागण्याचा प्रश्न येतो, आणि कित्येक घरांत हा कागदाचा नव्हे, मनाचा मामला असतो. तुम्ही माहिती द्या, वकिलाचं नाव द्या, आग्रह करू नका.

आता वेळापत्रक. तुमचा तीन महिन्यांचा बेत सोडा. तीन महिन्यांत टॅली येते. नोकरी मिळण्याइतकं प्रोग्रॅमिंग येत नाही. आठवड्याला 10 तास धरले तर 28 ते 30 आठवडे, म्हणजे 280-300 तास लागतात, आणि तेवढेच तास मुलाने घरी घालवले तर तो मुलाखतीला उभा राहू शकतो.

हे आठवडे कुठे बसवायचे ते स्वेटर ठरवतो. तिबेटी कुटुंबं ऑक्टोबरमध्ये वसाहत सोडतात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीत परततात. माल लुधियानाहून मोठ्या प्रमाणावर उधारीवर उचललेला असतो, हंगाम संपला की हिशेब चुकता होतो. या चार महिन्यांत घरातलं हाताशी असलेलं प्रत्येक माणूस दुकानावर लागतं. जुलैत सुरू झालेला वर्ग ऑक्टोबरात रिकामा होतो आणि शिक्षक म्हणतो, मुलांना गांभीर्य नाही. गांभीर्य असतं हो, पण त्या चार महिन्यांत घरची वर्षाची कमाई असते. म्हणून बॅच लोसार झाल्यावर सुरू करा. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. 10 मार्च हा तिबेटी उठावाचा स्मृतिदिन उलटू द्या आणि 6 जुलै, दलाई लामांचा वाढदिवस, मोकळा ठेवा, त्या दिवशी कुणी येणार नाही. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बरोबर 28 आठवडे मिळतात.

आणि हंगामाशी भांडू नका, त्याला कोर्सचा भाग करा. मुलांचा अंतिम प्रकल्प हाच ठेवा: स्वेटरच्या दुकानाचा माल आणि उधारी सांभाळणारं छोटं ॲप. सप्टेंबरात ते तयार, ऑक्टोबरपासून आई-बापाच्या दुकानावर चालू. बेळगावच्या फुटपाथवर संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाईक उभं असताना जे ॲप चालतं, त्याच्याबद्दल मुलगा मुलाखतीत अर्धा तास बोलू शकतो. यूट्यूबवर बघून केलेल्या टू-डू लिस्टबद्दल त्याला दोन मिनिटंही बोलता येत नाही.

या प्रकल्पात मुलं कुठे चुकतात ते आधीच सांगतो. पहिली चूक म्हणजे शिल्लक माल हा एक आकडा म्हणून साठवणं. मग एक नोंद चुकली की सगळा हिशेब बिघडतो आणि कुठे बिघडला ते सापडत नाही. त्याऐवजी खरेदी, विक्री आणि लुधियानाला परत गेलेला माल अशा नोंदी स्वतंत्र ठेवायच्या आणि शिल्लक दर वेळी त्यातून काढायची. नोंद पुसायची नाही, उलट नोंद घालायची. तुम्ही टॅली शिकवता, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. दुसरी चूक पैशांची. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज बरोबर 0.3 येत नाही, कारण दशांश अपूर्णांक संगणकात द्विमान पद्धतीने साठवले जातात. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. तिसरी चूक: एकाच स्वेटरचे 36, 38, 40 हे साइझ आणि चार रंग एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबणं. प्रत्येक साइझ-रंगाची जोडी ही वेगळी ओळ. हे तीन धडे नीट झाले की डेटाबेसचा बराचसा पाया झाला. त्यासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरे. वेगळा सर्व्हर नको, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो आणि रोज रात्री ती फाइल दुसऱ्या फोनवर कॉपी केली की बॅकअप झाला.

क्रम असा ठेवा. पहिले तीन आठवडे कोड नाहीच. ही फोनवर वाढलेली पिढी आहे. फाइल कुठे सेव्ह झाली, फोल्डर म्हणजे काय, झिप उघडायची कशी, हे त्यांना येत नाही, आणि विचारायला लाज वाटते. टायपिंग मिनिटाला 25 शब्दांवर आणा, कंसांची आणि विरामचिन्हांची बटणं न बघता सापडली पाहिजेत. यात तुमचा हातखंडा आहे. चौथ्या ते अकराव्या आठवड्यात पायथन, तेही थॉनी या छोट्या प्रोग्रॅमवर. त्यात एकेक ओळ चालवून व्हेरिएबलची किंमत बदलताना दिसते. लूप कळत नाही म्हणणाऱ्या मुलाला फळ्यावर समजावण्यापेक्षा तिथे दाखवलेलं चटकन कळतं. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, चार आठवडे, एचटीएमएल-सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट सहा आठवडे, उरलेले सात प्रकल्पाला. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, पाचव्या आठवड्यापासून रोज वापरायचं, शेवटी एकदम नाही. शेवटी शिकवलं की ते परीक्षेपुरतं राहतं.

वर्गात हटकून येणाऱ्या काही चुका: व्हॉट्सॲपवर फोनवरून पाठवलेला कोड चालत नाही, कारण फोनचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर मोठं करतो आणि सरळ अवतरणचिन्हांची काही वेळा वळणदार चिन्हं होतात. पायथनला दोन्ही खपत नाहीत. कोड नेहमी फाइल म्हणून पाठवायचा. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ ही दुसरी. एडिटरमध्ये टॅब दाबल्यावर चार स्पेस पडतील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा. तिसरी म्हणजे एरर आली की घाबरून सगळं पुसून नव्याने लिहिणं. एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायची आणि कितव्या ओळीवर आहे ते बोट ठेवून दाखवायचं, मगच तुम्हाला विचारायचं, असा नियम करा.

एआयचं काय, हे मुलं विचारतील. पहिले दहा आठवडे बंद. नंतर समजावून घ्यायला चालेल, पण प्रत्येक सोमवारी परीक्षा: मुलाने आणलेल्या कोडमध्ये तुम्ही एक अट बदलायची, उदाहरणार्थ तीन स्वेटर घेतले तर 50 रुपये सूट, आणि त्याने तुमच्यासमोर बदल करून दाखवायचा. ज्याने स्वतः लिहिलं नाही तो इथे लगेच उघडा पडतो.

शिकवण्याच्या भाषेची चिंता नको. ही मुलं घरी तिबेटी बोलतात, शाळा इंग्रजीतून झालेली, हिंदी आणि बरंच कन्नड बाजारात येतंच. तांत्रिक शब्द इंग्रजी ठेवा, समजावणं हिंदीत. तुमच्या खानापूरच्या मुलांनाही ते जड जाणार नाही.

खानापूरच्या मुलांचं नाव घेतलं ते मुद्दाम. गावातल्या लोकांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, निम्म्या जागा गावातल्या मुलांना द्या. याला व्यवहाराचं कारण आहे. ऑक्टोबर ते जानेवारी खानापूरची मुलं वर्ग चालू ठेवतात, दुकानावर गेलेल्यांच्या ॲपमधल्या चुका दुरुस्त करून पाठवतात, आणि दोन गावांतून एकाच कोडवर काम करण्याची सवय लागते. नोकरीत हेच करायचं असतं. शिवाय पहिली नोकरी बहुतेकदा ओळखीतून मिळते. मुंडगोडच्या मुलाची ओळख धर्मशाळा-बेंगळुरूकडे, खानापूरच्या मुलाची पुणे-कोल्हापूर आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे. दोन्हींचा दोघांनाही उपयोग.

जागेबद्दल: खानापूर-मुंडगोड रोजचं जाणं-येणं शक्य नाही. मुंडगोड हुबळीच्याही पुढे 45-50 किलोमीटर. दोन खोल्या, एक वर्ग असं करा. एक आठवडा तुम्ही स्वतः शनिवार-रविवारी मुंडगोडला, दुसऱ्या आठवड्यात खानापुरात, आणि मधले दिवस व्हिडिओवर दोन-दोन तास. त्यात प्रत्येक मुलाला वेगळं जोडू नका. प्रत्येक खोलीत एकच संगणक जोडा, तो 32 इंची टीव्हीवर दाखवा, खोलीत एकच माइक चालू. असं केलं की साध्या ब्रॉडबँडवर भागतं आणि आवाज घुमत नाही. वसाहतीत पदवी झालेला एखादा मदतनीस मानधन देऊन नेमा. फुकटचा मदतनीस जूनपर्यंत टिकतो.

खर्च. तुमचे आठ डेस्कटॉप फेकू नका. प्रत्येकात 256 जीबी एसएसडी आणि एकूण 8 जीबी रॅम घाला, साधारण 3,000 ते 4,500 रुपये एकेकाला. त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे आणि जुन्या मशिनांवर 11 अधिकृतपणे बसत नाही. मुंडगोडसाठी सहा वापरलेले ऑफिसचे लॅपटॉप घ्या: थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड, आय फाइव्ह आठव्या पिढीचा किंवा पुढचा, 8 जीबी, एसएसडी. एकेकाचे 15 ते 25 हजार. घेताना बॅटरी दोन तास चालते का ते तिथेच बसून बघा आणि बायोसला पासवर्ड नाही याची खात्री करा. कंपनीने लावलेला पासवर्ड राहून गेला तर पुढे सिस्टीम बदलता येत नाही.

हेस्कॉमची वीज पावसाळ्यात जाणार हे धरूनच चाला. डेस्कटॉप मॉनिटरसकट 100 ते 150 वॉट खातो, म्हणजे आठांना हजार वॉटच्या आसपास. घरगुती 900 व्हीएचा इन्व्हर्टर त्यावर बसणारच नाही. इन्व्हर्टरवर चारच जोडा, बाकी चौघे त्या वेळात कागदावर कोड वाचतील. याने नुकसान होत नाही, उलट वाचायची सवय लागते. मुंडगोडला इन्व्हर्टर नकोच. लॅपटॉपना स्वतःची बॅटरी आहे, फक्त राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, हजार-दीड हजारात मिळतो. इंटरनेट गेलं तरी वर्ग थांबू नये म्हणून पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका आणि लागणारी पॅकेजेस आधीच उतरवून एका लॅपटॉपवर ठेवा. पायथनमध्येच छोटा सर्व्हर आहे, एका कमांडने तो फोल्डर खोलीतल्या सगळ्यांना राउटरवरून दिसतो. दोन्ही खोल्यांचा मिळून खर्च दीड ते सव्वादोन लाखांत बसवा. मदतनिसाचं मानधन वेगळं.

नोकरीचं बोलताना आकडे फुगवू नका. सुरुवातीच्या कोडिंगच्या जागा एआयमुळे आकसल्या आहेत. वर्ष पुरं झाल्यावर ही मुलं सॉफ्टवेअर टेस्टिंग, ग्राहक-सहाय्य, एसक्यूएलवरचे रिपोर्ट, छोट्या वेबसाइटची देखभाल या जागांना लागू शकतात. त्यांची चार-पाच भाषांची बोली इथे चांगली चालते. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये चलन, जॉबवर्कच्या नोंदी अजून एक्सेलवर चालतात. पहिलं पैशाचं काम तिथे शोधा, आणि 5,000 रुपयांचं असलं तरी लेखी घ्या. परदेशात डेटा एन्ट्रीची नोकरी, तिकीट आम्ही काढतो, अशा टेलिग्रामवरच्या जाहिराती वर्गात दाखवून ठेवा. म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर इंग्रजी येणारी तरुण पोरं अशीच नेली गेली आहेत.

शेवटचं, कोर्स पूर्ण मोफत ठेवू नका. सुरुवातीला 1,000 रुपये अनामत घ्या, खानापूरच्या मुलांकडूनही तेवढीच, आणि ॲप दुकानावर चालू झालं त्या दिवशी परत करा. प्रमाणपत्र छापायचं असेल तर त्यावर 'डेव्हलपर' वगैरे लिहू नका. किती तास, कोणता प्रकल्प आणि गिटहबवरचा त्याचा पत्ता, एवढंच लिहा.